परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी मुक्काम: कॉलेजचा प्रवास-पुरस्कार कसा चालवावा

प्रश्न असा आहे. नागपूरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाकडे दरवर्षी चार मुलांना परदेशी पाठवता येईल एवढा निधी जमला आहे. जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड आणि अमेरिकेतले काही माजी विद्यार्थी मुलांना घरी ठेवून घ्यायला तयार आहेत. प्रवास उन्हाळ्याच्या सुट्टीत, तीन आठवड्यांचा. निवड, पैसे, व्हिसा, घरचा मुक्काम यांची सुरुवात कुठून करायची आणि फसगत कुठे होते?

सुरुवात घरांपासून करा, मुलांपासून नको. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. आधी जाहिरात निघते, निबंध येतात, चार नावं जाहीर होतात, सत्कार होतो, आणि मग ग्रुपवर विचारणा सुरू होते, ‘डॉर्टमुंडकडे आपलं कोण आहे हो?’ अंगठे भरपूर येतात. नेमक्या तारखा सांगितल्या की त्यातले थोडेच उरतात. यात यजमानांचा दोष नाही. मे-जूनमध्ये नागपूरचं ऊन टाळायला त्यांचेच आईवडील तिकडे गेलेले असतात आणि पाहुण्यांची खोली भरलेली असते. नुकतीच नोकरी लागलेला मुलगा भाड्याच्या एका खोलीत राहत असतो आणि करारात पाहुणा ठेवायची मुभा नसते.

म्हणून सप्टेंबरात यजमानांना एक छोटा फॉर्म पाठवा. कोणते आठवडे जमतील, जास्तीत जास्त किती रात्री, स्वतंत्र खोली की हॉलमधला सोफा, घरात कोण कोण असतं, कुत्रा-मांजर आहे का, घरमालकाची परवानगी लागते का, जवळचं स्टेशन कोणतं, आणि सरकारी कागद काढून द्यायची तयारी आहे की फक्त साधं पत्र. एक रकाना ‘यंदा नको, पुढच्या वर्षी विचारा’ असा ठेवाच. तो नसला की लोक भिडेखातर हो म्हणतात आणि एप्रिलमध्ये फोन उचलत नाहीत.

एका घरी तीन किंवा चार रात्री. पाचव्या रात्रीपासून पाहुणा जड होतो, माणूस कितीही चांगला असो. तीन आठवड्यांसाठी पाच-सहा घरं आणि मध्ये दोन-तीन रात्री हॉस्टेलच्या, असा हिशेब धरा. या रात्री चैनीच्या नाहीत. सतत दुसऱ्याच्या घरी शिस्तीत राहून मुलांना थकवा येतो, आणि एखाद्या यजमानाचं ऐनवेळी रद्द झालं तर तीच जागा कामाला येते.

ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजात ‘पाथफाइंडर’ नावाचे असे पुरस्कार १९५०च्या दशकापासून चालू आहेत. तिथले विद्यार्थी अमेरिकेत फिरतात आणि वाटेत कॉलेजच्या जुन्या मंडळींकडे उतरतात. अशी योजना टिकते ती रकमेच्या आकड्यावर नाही. आपल्या कॉलेजचं पोर दारात उभं आहे, हे त्या घराला पटतं म्हणून ती टिकते. हॉटेलचा खर्च वाचवायची युक्ती म्हणून तिच्याकडे पाहिलंत, तर यजमानांच्या ते लगेच लक्षात येतं.

आता निवड. तिसऱ्या वर्षाची मुलं घ्या. शेवटच्या वर्षाच्या मुलाकडे जूनमध्ये ना कॉलेजचं ओळखपत्र उरतं, ना परत येण्याचं ठोस कारण, आणि व्हिसा अधिकारी नेमकं तेच शोधत असतो. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला पुढच्या सत्राचं बोनाफाइड मिळतं, शिवाय परतल्यावर तो वर्षभर कॉलेजातच असतो.

अर्जात ‘जगाचा अनुभव घ्यायचा आहे’ असली वाक्यं येणारच. त्यांना गुण देऊ नका. एकच विचारा: तिथे जाऊन काय पाहणार, आणि ते इथल्या कशाशी जोडणार? उदाहरण घ्या. सिव्हिलचा विद्यार्थी म्हणतो, मला नागपुरातल्या नाग नदीच्या सांडपाण्याचा प्रश्न समजून घ्यायचा आहे. जर्मनीच्या रूर भागात एम्शर नावाची नदी आहे. खाणींमुळे जमीन खचत होती, जमिनीखाली गटारं टाकणं शक्य नव्हतं, म्हणून ती अख्खी नदीच उघडं गटार म्हणून वापरली गेली. १९९२ मध्ये तिला परत नदी करायचं काम सुरू झालं आणि २०२१च्या अखेरीस तिच्यात सांडपाणी जाणं थांबलं. हा विद्यार्थी डॉर्टमुंड किंवा एसेनच्या यजमानाकडे उतरला, नदीकाठाने दोन दिवस चालला, तर त्याच्या प्रवासाला कणा मिळतो. व्हिसाच्या अर्जातही हेच चार ओळींत लिहिता येतं. मेकॅनिकलच्या मुलीने कोळशाच्या खाणींनंतर गावाचं काय होतं हा विषय घेतला, तर एसेनचीच त्सोलफेराइन खाण आहे. १९८६ मध्ये बंद झाली, २००१ पासून जागतिक वारसा आहे, आणि आपल्या कोळसापट्ट्यातल्या, उमरेड-चंद्रपूरकडच्या मुलीला ती पाहताना काय विचारायचं ते शिकवावं लागत नाही.

अर्जाच्या वेळी पासपोर्ट हातात असण्याची अट घालू नका. गडचिरोली-यवतमाळकडची मुलं तिथेच गळतात. निवड झाली की त्याच आठवड्यात अर्ज करायला लावा. ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळला आणखी २,००० रुपये. अडतं ते पत्त्यावर आणि नावावर. हॉस्टेलचा पत्ता दिला तर कॉलेजप्रमुखाचं पत्र लागतं आणि पोलीस पडताळणी लांबू शकते, त्यामुळे घरचाच पत्ता देणं बरं. नावाचं जास्त नाजूक आहे. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टच्या फॉर्मात आडनावाचा रकाना वेगळा आहे. स्वतःचं आणि वडिलांचं नाव दुसऱ्या रकान्यात एकत्र जातं. आडनावाचा रकाना रिकामा राहिला तर पुढे प्रत्येक ठिकाणी कटकट होते. एकच नाव असलेल्या पासपोर्टवर संयुक्त अरब अमिरात तर पर्यटकाला अडवूही शकते. विमानाचं तिकीट पासपोर्टवर आहे अगदी त्याच नावाने काढायचं.

व्हिसाचा भाग सविस्तर सांगतो, कारण ‘घरी राहणार’ म्हटल्यावर प्रत्येक देश वेगळा कागद मागतो.

फ्रान्समध्ये यजमानाला त्याच्या नगरपालिकेतून ‘आतेस्तासिओं दाक्यॉय’ नावाचा स्वागत-दाखला काढावा लागतो. घराचे, उत्पन्नाचे पुरावे दाखवायचे आणि ३० युरोचा मुद्रांक लावायचा. काही नगरपालिकांत भेटीची वेळच कित्येक आठवड्यांनी मिळते. मूळ प्रत कुरिअरने नागपूरला यावी लागते, स्कॅन चालत नाही. त्यामुळे पॅरिसच्या यजमानाला जानेवारीतच कामाला लावा.

जर्मनीत ‘फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग’ असं लांबलचक नाव असलेलं हमीपत्र असतं. यजमान परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन २९ युरो भरून ते करतो. त्याचा अर्थ नीट समजून घ्या. पाहुण्याचा खर्च, वेळ पडली तर दवाखान्याचाही, सरकार त्या यजमानाकडून वसूल करू शकतं. चार रात्रींसाठी कुणाला एवढ्या जोखमीत घालू नका. खर्च पुरस्कारातून होणार असेल तर संघाचं रकमेसह पत्र, बँकेचे कागद आणि यजमानाचं साधं निमंत्रणपत्र असं प्रकरण उभं करा. हमीपत्र मुलाकडे पैशाचा पुरावा नसतो तेव्हासाठी आहे.

जर्मनी, फ्रान्स धरून युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा चालतो, त्याला शेंगेन म्हणतात. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटची मुदत १५ दिवस आधी. निर्णय साधारण १५ दिवसांत, पण ४५ दिवसांपर्यंत ताणू शकतो. फी ९० युरो आहे. अभ्यासासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना ती माफ करायची तरतूद शेंगेनच्या व्हिसा संहितेत आहे, म्हणून कॉलेजच्या पत्रात अभ्यासविषय आणि भेटीची ठिकाणं स्पष्ट लिहा आणि माफी मागून पाहा. अर्ज कुठल्या देशाकडे? जिथे सर्वांत जास्त रात्री असतील त्याच्याकडे. रात्री समान असतील तर जिथून प्रवेश आहे त्याच्याकडे. तारीख सोपी मिळते म्हणून तिसऱ्याच देशाकडे अर्ज टाकणं हे नकाराचं नेहमीचं कारण. विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोचं हवं आणि त्यात सगळे दिवस बसले पाहिजेत. परतीचं विमान मध्यरात्रीनंतरचं असेल तर एक दिवस कमी पडतो, तेवढं तपासा.

इंग्लंडला सरकारी फॉर्म नाही. यजमानाचं पत्र, त्याच्या पासपोर्टची किंवा तिथल्या वास्तव्याच्या दर्जाची प्रत आणि घराचा पुरावा, म्हणजे भाडेकरार किंवा कौन्सिल टॅक्सचं (तिथल्या घरपट्टीचं) बिल. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून, त्यापूर्वी नाही. पत्रात काय असावं? मुलाचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, घराचा पूर्ण पत्ता, दोघांचं नातं (‘त्याच कॉलेजचा माजी विद्यार्थी, संघाच्या योजनेतून यजमान’), राहणं-जेवण फुकट की नाही, आणि बाकी खर्च संघ करणार हे वाक्य. नात्याच्या जागी ‘भाचा’ किंवा ‘फॅमिली फ्रेंड’ लिहायचा मोह काहींना होतो. दोन कागदांत दोन नाती दिसली की सगळंच खोटं ठरतं.

अमेरिकेचं गणित निराळं. तिथे निमंत्रणपत्राला फारसं वजन नाही. यजमानाचं नाव-पत्ता डीएस-१६० या व्हिसाच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये जातं, मूळ फी १८५ डॉलर, आणि निर्णय खिडकीवरच्या दोन-तीन मिनिटांत होतो. कायद्याने प्रत्येक अर्जदार तिथेच स्थायिक होणार असं गृहीत धरलेलं असतं आणि ते खोडून काढायची जबाबदारी मुलावर असते. त्यामुळे ‘कुठे जाणार, कोणाकडे, पैसे कोण देणार, परत येऊन काय’ ही चार उत्तरं एकेका वाक्यात यायला हवीत. पाठांतर नको, ते लगेच कळतं. बोटांचे ठसे आणि मुलाखत यासाठी मुंबईच्या दोन वेगळ्या वेळा असतात, बहुधा लागोपाठच्या दिवशी. म्हणजे विदर्भ एक्स्प्रेस किंवा दुरांतोचं जाणं-येणं आणि मुंबईतला मुक्काम. हा खर्च अंदाजपत्रकात धरलेला नसतो आणि मुलं तो गुपचूप घरून मागतात. युरोपच्या अर्जांनाही मुंबई-पुण्याची एक फेरी धरूनच चाला.

सगळ्या देशांसाठी एक गोष्ट समान. राहण्याच्या बदल्यात काम करायचं नाही. ‘दादा, मी बाळाला सांभाळीन, वहिनींना स्वयंपाकात मदत करीन’ हे आपल्याकडे साधं सौजन्य आहे. भेटीच्या व्हिसावर ‘राहण्याच्या बदल्यात मुलं सांभाळणं’ हे बेकायदा काम धरलं जाऊ शकतं आणि विमानतळावरचे अधिकारी फोनही तपासू शकतात. जेवल्यावर ताट-वाटी घासणं वेगळं, सौदा वेगळा. तसंच यजमानाच्या कंपनीत आठवडाभर ‘इंटर्नशिप’ हाही प्रकार नको. कंपनी पाहायला जाणं चालतं.

पैशांकडे येतो. देणगी परदेशातून येत असेल तर देणाऱ्याचा पासपोर्ट कोणता हे आधी विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याखाली परदेशी देणगी मानले जात नाहीत. तोच माणूस अमेरिकेचा नागरिक झाला असेल, मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, तो परदेशी स्रोत ठरतो आणि संघाकडे एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर एक डॉलरही घेता येत नाही. नोंदणी असेल तरी ते पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. जुन्या बॅचेसमधले बहुतेक देणगीदार आता परदेशी नागरिक असतात, म्हणून हा प्रश्न पहिल्याच बैठकीत घ्या. सोपी वाट अशी: रोख निधी भारतातल्या माजी विद्यार्थ्यांकडून, आणि परदेशी नागरिक झालेल्यांकडून फक्त घर. मात्र सोबत सरकारी कॉलेजचे प्राध्यापक जाणार असतील तर थांबा. सरकारी नोकर आणि सरकारी संस्थांचे कर्मचारी यांना परदेशी पाहुणचार स्वीकारायला एफसीआरएच्या कलम ६ खाली केंद्राची पूर्वपरवानगी लागते. विद्यार्थ्यांना हे कलम लागत नाही.

रक्कम मुलाला एकदम देऊ नका, आणि सगळी प्रवासानंतरही देऊ नका. बिलं दाखवा मग पैसे, ही पद्धत ज्याच्या घरी दीड लाख पडून आहेत त्यालाच परवडते. पासपोर्ट आणि व्हिसाची फी, मुंबईचा प्रवास, विमा हे संघाने आधीच भरायचं. व्हिसा नाकारला गेला तरी ते परत मागायचं नाही, हेही लेखी द्या. व्हिसा मिळाला की तिकीट संघाने थेट काढायचं. त्याआधी फक्त आरक्षणाचा कागद पुरतो. नकार आला तर पक्कं तिकीट गळ्यात पडतं. उरलेली रक्कम फॉरेक्स कार्डावर (परकी चलन आधी भरून ठेवायचं बँकेचं कार्ड), निघण्याच्या आठवड्यात. परकी चलनाच्या नोटा एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, पण २०० सुद्धा पुष्कळ झाल्या. एजंटकडून ‘पॅकेज’ म्हणून घेतलंत तर पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ घ्यायचा आयकर, कापला जातो. तिकीट आणि विमा सुटे घ्या.

आणि मुलाच्या खात्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात काकांकडून दोन लाख आणून टाकू नका. सहा महिन्यांच्या उताऱ्यात शिल्लक तीन-चार हजार आणि शेवटच्या ओळीत दोन लाख, हे पाहून अधिकाऱ्याला जे वाटायचं तेच वाटतं. कमी शिल्लक लाजिरवाणी नाही. पुरस्कारपत्रात खर्चाची फोड लिहा, संघाचा बँक उतारा जोडा.

तारखांबाबत एवढंच. विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा पुढे सरकतात हे गृहीत धरा. शेवटच्या पेपरनंतर तीन आठवडे मोकळे ठेवून निघण्याची तारीख ठरवा.

घरी राहताना काय चुकतं ते बहुतेक बाथरूममध्ये आणि स्वयंपाकघरात चुकतं. तिकडच्या बहुतेक घरांत बाथरूमच्या फरशीला पाणी जायला मोरी नसते. बादलीने अंघोळ केली किंवा शॉवरचा पडदा टबाच्या बाहेर राहिला, तर पाणी खालच्या मजल्याच्या छतातून टपकतं आणि दुरुस्तीचं बिल यजमानाला येतं. लाकडी घरात हे फारच महागात पडतं. तर्रीची झणझणीत फोडणी दिली की छतावरचा धुराचा भोंगा वाजतो, म्हणून आधी चिमणी लावायची, खिडकी उघडायची, विचारून मगच गॅसपाशी जायचं. जर्मनीत रविवारी व्हॅक्यूम क्लीनर किंवा ड्रिल चालवत नाहीत, शेजारी तक्रार करतात. घराची किल्ली मिळाली तर ती हरवणं फार महाग, कधी अख्ख्या इमारतीचं कुलूप बदलावं लागतं.

हाक कशी मारायची हे मुलं विचारत नाहीत आणि अडखळतात. दहा-बारा वर्षं पुढच्या बॅचला दादा-ताई, आईवडिलांच्या वयाच्यांना सर किंवा काका, मॅडम किंवा काकू. घरातली दुसरी व्यक्ती, म्हणजे यजमानाचा नवरा किंवा बायको, बहुधा आपल्या कॉलेजची नसते, कित्येकदा मराठीही नसते. पाहुण्याचा खरा भार तिच्यावर पडतो. सगळी संध्याकाळ मराठीत मेस, सर आणि फुटाळा तलावाच्या गप्पा झाल्या, तर ती व्यक्ती आपल्याच घरात परकी होते. नोकरीसाठी शिफारस पहिल्या रात्री मागायची नाही. मागायचीच तर परत आल्यावर, पत्राने.

सुरक्षेचे नियम लेखी ठेवा. मुलींना बाईमाणूस असलेल्या कुटुंबातच पाठवा, आणि शक्यतो दोघींना मिळून. प्रत्येक मुलाच्या कार्डावर दोन रात्रींच्या हॉटेलची रक्कम वेगळी ठेवा, जी कारण न सांगता वापरता येईल. घर सोडायचं असेल तर समितीची परवानगी मागावी लागू नये. नागपुरात एक माणूस असा नेमा जो रात्री अडीचलाही फोन उचलेल. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे आहे, त्यामुळे तिथली संध्याकाळची अडचण इथल्या पहाटेला येते. यजमानांची संपूर्ण यादी मुलांना देऊ नका. ज्याला ज्या घरी जायचं, तेवढाच पत्ता.

भेटवस्तूंमध्ये संत्रा बर्फी सगळ्यांच्या डोक्यात असते. खव्याची मिठाई युरोपात आणि इंग्लंडमध्ये नेता येत नाही, भारतातून दुग्धजन्य पदार्थ न्यायला बंदी आहे. ताजी संत्रीही राहू द्या. वायगावची हळद, भिवापूरची मिरची पूड, दूध नसलेला चिवडा चालतो, सीलबंद पाकिटात आणि विचारलं तर सांगून. सावजी मसाल्याबाबत मात्र सावध राहा. त्यात खसखस असते आणि अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते. नागपूरहून शारजामार्गे जाणाऱ्याने तो मसाला बॅगेत टाकूच नये, मुक्काम लंडनला असला तरी. सिंगापूरलाही तेच.

परतल्यावर तीस दिवसांत अहवाल घ्या, चार पानांचा, आणि तो आधी यजमानांना पाठवा, मग संघाच्या बैठकीत ठेवा. सोबत यजमानांना दोनच प्रश्न विचारा: काय अवघड गेलं, आणि पुढच्या वर्षी कोणता आठवडा? पहिल्या वर्षी चार मुलं, चार देश असा घाट घालू नका. दोन मुलं आणि एकच देश घ्या. ज्या देशात पाच घरांनी तारखेसह हो म्हटलं असेल, तोच देश.